झोप ‘लागते’ की मेंदू ती घडवतो? निद्रेच्या चेतापरिपथांच्या शोधाचा इतिहास

मराठीत झोप येते, लागते, चाळवते, मोडते आणि उडते. या सगळ्या क्रियापदांत झोपणारा माणूस निष्क्रिय असतो. झोप बाहेरून येते आणि स्वतःच्या मर्जीने निघून जाते. जो ती ‘काढतो’, तो बहुधा आळशी ठरतो. भाषेत मुरलेली ही समजूत विज्ञानातही दीर्घकाळ टिकून होती. तेल संपले की ज्योत मंदावते, तसा दिवसभराच्या श्रमांनंतर, बाहेरच्या संवेदना ओसरल्या की मेंदू मंदावतो आणि त्या मंदावण्यालाच आपण झोप म्हणतो, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ मानत होते.

आज हे चित्र पालटले आहे. झोप म्हणजे जागेपणाचा अभाव नव्हे. ती मेंदूने केलेली कृती आहे. ती घडवून आणणाऱ्या चेतापेशी कुठे आहेत, त्या कोणत्या रसायनाने काम करतात आणि कोणत्या पेशींना गप्प बसवतात, हे आता बऱ्याच अंशी ज्ञात आहे. हा पालट घडायला जवळजवळ एक शतक लागले. त्याचे श्रेय व्हिएन्ना, ब्रसेल्स, शिकागो आणि बोस्टन या शहरांबरोबर नवी दिल्लीलाही जाते, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

व्हिएन्नातील दोन प्रकारचे रुग्ण

१९१६-१७ च्या हिवाळ्यात, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, व्हिएन्नाच्या मनोविकार चिकित्सालयात एका अनोळखी आजाराचे रुग्ण येऊ लागले. ताप, डोकेदुखी, डोळ्यांच्या हालचालींत बिघाड आणि विलक्षण झोप अशी त्याची लक्षणे होती. काही रुग्ण जेवता जेवता झोपी जात. हलवून उठवले तर नीट उत्तरे देत आणि पुन्हा झोपेत बुडत. कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो या वैद्याने १९१७ मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’, म्हणजे निद्राळू मस्तिष्कदाह, असे नाव दिले. पुढच्या दहाएक वर्षांत ही साथ जगभर पसरली आणि जशी आली तशीच ओसरली. तिचे कारण आजही निश्चित झालेले नाही.

परंतु सर्वच रुग्ण झोपाळू नव्हते. काहींची अवस्था नेमकी उलट होती: शरीर थकून गेलेले असतानाही त्यांना झोप लागत नसे. एकाच आजाराची दोन परस्परविरोधी रूपे का असावीत, हा प्रश्न इकोनोमोंना पडला आणि त्यांनी शवविच्छेदनात उत्तर शोधले. झोपाळू रुग्णांच्या मेंदूत इजा आढळली ती मध्यमस्तिष्क आणि हायपोथॅलॅमसचा मागचा भाग यांच्या सांध्यावर. डोळे हलवणाऱ्या नसांची मुळे याच परिसरात असतात. म्हणूनच झोपेबरोबर डोळ्यांचा बिघाडही दिसत होता. ज्यांची झोप उडाली होती, त्यांच्या मेंदूत मात्र हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात आणि त्याच्या आसपास दाह झालेला होता.

यावरून इकोनोमोंनी काढलेला निष्कर्ष काळाच्या फार पुढचा होता. मागच्या भागाला इजा झाल्यावर माणूस जागा राहू शकत नसेल, तर तिथे जागेपणा राखणारी यंत्रणा असली पाहिजे. पुढच्या भागाला इजा झाल्यावर झोपच येत नसेल, तर तिथे झोप आणणारी यंत्रणा असली पाहिजे. झोप ही नुसती उणीव असती, तर मेंदूचा एखादा भाग नष्ट झाल्याने ती वाढायला हवी होती. कमी होण्याचे कारण नव्हते. १९३० मध्ये त्यांनी हे विवेचन सविस्तर मांडले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. झोपेच्या केंद्राची त्यांची कल्पना त्यानंतर बराच काळ मागे पडली.

मांजराचा ‘वेगळा केलेला’ मेंदू

ती मागे पडण्याचे कारण एक नवे साधन आणि एक नामांकित प्रयोग होता. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी डोक्याच्या पृष्ठभागावरून मेंदूच्या विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. जागेपणी या लहरी लहान व वेगवान असतात. गाढ झोपेत त्या उंच आणि संथ होतात. झोप आता डोळे मिटण्यावरून नव्हे, तर कागदावर उमटणाऱ्या रेषांवरून ओळखता येऊ लागली.

ब्रसेल्सच्या फ्रेडरिक ब्रेमेर यांनी १९३५ मध्ये हे साधन मांजरांवर वापरले. मध्यमस्तिष्काच्या पातळीवर आडवा छेद घेऊन त्यांनी मेंदूचा वरचा भाग खालच्या मस्तिष्कस्तंभापासून तोडला. वरच्या भागात झोपेच्या संथ लहरी अखंड उमटू लागल्या. छेद आणखी खाली, मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या सांध्यावर घेतला, तर मात्र मांजर आलटून पालटून झोपे आणि जागे होई. ब्रेमेर यांनी याचा अर्थ असा लावला की वरच्या छेदामुळे बहुतेक संवेदनांचे मार्ग तुटतात. बाहेरची चाहूल थांबली, म्हणून मेंदू झोपला. जागेपण ही संवेदनांनी पेटवलेली ज्योत आणि झोप म्हणजे तिचे विझणे, असा हा सिद्धांत होता. तो सुटसुटीत होता, रोजच्या अनुभवाशी जुळत होता आणि म्हणूनच मान्य झाला.

याच सुमारास झुरिकचे वॉल्टर हेस मांजरांच्या मेंदूत बारीक विद्युताग्रे बसवून, मंद प्रवाह देऊन त्यांना झोपवत होते. मांजर जागा शोधे, अंग मुडपे आणि झोपी जाई. विद्युतप्रवाहाने झोप आणता येत असेल, तर झोप ही नुसती उणीव कशी असेल? हेस यांना १९४९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. पण झोपेविषयीचा त्यांचा निष्कर्ष बहुसंख्यांनी स्वीकारला नाही.

१९४६ मध्ये नेदरलँड्सच्या वाले नाउटा यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात छेद घेतलेले उंदीर झोपाळू झाले. पुढच्या, म्हणजे प्रीऑप्टिक, भागात छेद घेतलेल्या उंदरांना झोपच येईना आणि ते थकव्याने काही दिवसांत मेले. इकोनोमोंनी माणसांच्या आजारातून जो नकाशा काढला होता, तोच नाउटांनी प्रयोगातून पुन्हा काढला. तरीही विज्ञानाचे लक्ष तेव्हा दुसरीकडे वळणार होते.

जागेपणाचे यश आणि झोपेची उपेक्षा

१९४९ मध्ये ज्युझेप्पे मोरुत्सी आणि होरेस मॅगून यांनी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात केलेला प्रयोग मेंदूविज्ञानाच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. मस्तिष्कस्तंभाच्या गाभ्यात चेतापेशींची एक जाळीदार रचना असते. तिला मंद विद्युतप्रवाह देताच मांजराच्या मेंदूतील संथ लहरी तत्काळ जागेपणाच्या वेगवान लहरींत बदलल्या. डोनाल्ड लिंडस्ली आणि सहकाऱ्यांनी लगेच पुढचे पाऊल टाकले. संवेदनांचे मार्ग शाबूत ठेवून फक्त ही जाळी नष्ट केली, तर जनावर झोपाळू झाले. संवेदनांचे मार्ग तोडून जाळी शाबूत ठेवली, तर ते जागे राहिले. म्हणजे ब्रेमेर यांचा छेद खरा होता, पण त्याचा अर्थ चुकला होता. वरच्या मेंदूला झोपवले होते ते संवेदनांच्या अभावाने नव्हे, तर जागे ठेवणारी जाळी तुटल्याने.

गंमत अशी, की या शोधामुळे झोपेची प्रतिष्ठा वाढण्याऐवजी घटली. जागे ठेवणारी यंत्रणा सापडली. मग ती थकून शांत झाली की झोप येते, असे मानणे सोपे होते. वेगळी झोपेची यंत्रणा शोधण्याचे कारणच उरले नाही. एखाद्या गोष्टीचे केंद्र सापडले की तिच्या उलट गोष्टीला केंद्राची गरज नाही, असे वाटू लागते. या सापळ्यातून बाहेर पडायला पुढची दहा वर्षे लागली.

पहिला धक्का शिकागो विद्यापीठातून आला. १९५३ मध्ये युजीन ॲसेरिन्स्की आणि नेथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवले की झोपेत ठरावीक अंतराने मिटल्या पापण्यांआड डोळे जलद हलतात आणि त्या वेळी उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. १९५९ पासून लियाँच्या मिशेल जुव्हे यांनी मांजरांत हीच अवस्था अभ्यासली. स्नायू पूर्ण सैल, पण मेंदूच्या लहरी जागेपणासारख्या. म्हणून त्यांनी तिला ‘विरोधाभासी झोप’ म्हटले आणि तिचा उगम मस्तिष्कस्तंभातील पॉन्स या भागात असल्याचे दाखवले. विझलेल्या ज्योतीला अशा दोन निरनिराळ्या अवस्था असू शकत नाहीत.

स्वप्न आणि सुषुप्ती हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. मांडूक्य उपनिषदात त्या दोन स्वतंत्र अवस्था आहेत आणि पतंजलींच्या योगसूत्रांत निद्रेची गणना चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये केली आहे, म्हणजे तिला निव्वळ अभाव मानलेले नाही. हे अंतर्मुख निरीक्षण सूक्ष्म होते. परंतु कोणती पेशी कोणत्या पेशीला थांबवते, हे अंतर्मुख होऊन कळत नाही. त्यासाठी विद्युताग्र आणि सूक्ष्मदर्शकच हवा. दोन्हींचा मान राखायचा तर दोन्हींची गल्लत टाळावी लागते.

दुसरा धक्का खुद्द मोरुत्सींच्या पिसा येथील प्रयोगशाळेतून आला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे पॉन्सच्या मध्यावर छेद घेतलेली मांजरे बहुतांश वेळ जागीच राहिली. छेदाच्या खाली काहीतरी झोपेला साहाय्य करणारे होते आणि ते तुटले होते. मग १९६२ मध्ये अमेरिकेत स्टर्मन व क्लेमेंटी यांनी प्रीऑप्टिक आणि लगतच्या भागाला उद्दीपन देऊन मांजरांना झोपवले. इकोनोमोंचा विसरलेला नकाशा पुन्हा उघडला गेला.

दिल्लीतील प्रयोगशाळा

इथे कथा भारतात येते. पण तिचा आरंभ भुकेपासून होतो. १९५१ मध्ये बाल कृष्ण आनंद या तरुण भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञाने येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर एक प्रयोग केला. हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंचा एक लहानसा भाग नष्ट केलेले उंदीर अन्न समोर असूनही खाईनासे झाले. मेंदूतील ‘भुकेचे केंद्र’ म्हणून हा शोध जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. हा भाग लक्षात ठेवावा. कथेच्या शेवटी तो पुन्हा भेटणार आहे.

१९५६ मध्ये नवी दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, स्थापन झाली आणि आनंद यांनी तिथला शरीरक्रियाशास्त्र विभाग उभारला. नवस्वतंत्र देशात हायपोथॅलॅमसच्या संशोधनाची एक परंपरा रुजली. १९६१ मध्ये आनंद, गुलझार सिंग छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूलहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. समाधीत बसलेल्या चार योग्यांच्या मेंदूत शांत जागेपणाच्या अल्फा लहरी टिकून राहिल्या; काहींच्या बाबतीत तर प्रकाश, आवाज वा स्पर्शानेही त्या मोडल्या नाहीत. चार व्यक्तींवरून मोठे सिद्धांत उभारता येत नाहीत. तरी आज मागे वळून पाहता या निरीक्षणात झोपेविषयीही एक सूचना दिसते: बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवणे आणि झोपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच विभागात पुढे वेलायुधन मोहन कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रीऑप्टिक भागाचा चिकाटीने पाठपुरावा केला. १९८३ मध्ये बिरेंद्रनाथ मल्लिक, छिना, कुमार आदींनी या भागातील एकेका चेतापेशीची नोंद घेऊन मेंदूच्या लहरी झोपेसारख्या व जागेपणासारख्या होताना त्या पेशींचे वर्तन कसे बदलते, हे तपासले. कुमार यांच्या गटाने नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन या भागात सोडल्यास झोप-जागेपणावर काय परिणाम होतो, याचाही दीर्घ अभ्यास केला.

एक अडचण मात्र जुनीच होती. विद्युतप्रवाहाने मेंदूचा भाग जाळला, तर तिथल्या पेशींबरोबर तिथून केवळ जाणारे चेतातंतूही नष्ट होतात. एखाद्या गावातली वस्ती उठली की त्या गावातून जाणारा महामार्ग तुटला, हे अशा प्रयोगात वेगळे करता येत नाही. नाउटांच्या छेदांनाही हाच आक्षेप लागू होता. म्हणून एम्सच्या गटाने एनएमडीए हे रसायन वापरले. ते पेशींची शरीरे मारते, पण वाटेने जाणारे तंतू बव्हंशी शाबूत ठेवते. मध्यवर्ती प्रीऑप्टिक भागातील पेशी अशा रीतीने नष्ट केल्यावर उंदरांची झोप घटली. म्हणजे दोष महामार्गाचा नव्हता. वस्तीच झोपेची होती.

त्यानंतरचा प्रयोग अधिक धाडसी होता. ज्यांची झोप अशा प्रकारे घटली होती, त्या उंदरांच्या मेंदूत जोशी जॉन, कुमार आणि जी. गोपीनाथ यांनी उंदराच्या गर्भातील प्रीऑप्टिक ऊतींचे रोपण केले. रोपण रुजले तशी झोप सुधारली. १९९८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेशी काढल्या तर झोप जाते, हे पूर्वीच्या प्रयोगांनी दाखवले होते. पेशी परत दिल्या तर झोप परत येते, हे इथे दिसले. झोपेला कर्ता आहे, या विधानासाठी याहून सरळ पुरावा कल्पिणे कठीण आहे.

प्रीऑप्टिक भाग शरीराच्या तापमानाचेही नियमन करतो. झोप लागताना हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि शरीराचे आतले तापमान किंचित उतरते. झोप आणि तापमान यांचे नियमन एकमेकांत कसे गुंतले आहे, हा कुमार यांच्या लेखनातील महत्त्वाचा प्रश्न होता. दरम्यान मल्लिक यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्वप्नावस्थेच्या झोपेवर काम केले. मस्तिष्कस्तंभातील लोकस सेर्युलिअस या लहानशा केंद्रातील नॉरॲड्रेनॅलिनच्या पेशी या झोपेत जवळजवळ मूक होतात. त्यांना मंद उद्दीपन देत राहिले, तर ही झोप घटते, हे त्यांच्या गटाने दाखवले. ती झोप सतत हिरावून घेतली, तर चेतापेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंपाची क्रिया वाढते, हेही त्यांनी नोंदवले. जागरणाचा हिशेब थेट पेशीच्या भिंतीपर्यंत पोचतो तो असा.

दोन बाजूंचे बटण

१९९६ मध्ये हार्वर्डमधील क्लिफर्ड सेपर, प्रियत्तम शिरोमणी आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत नुकत्याच कार्यरत झालेल्या पेशी शोधल्या. प्रीऑप्टिक प्रदेशाच्याच खालच्या-बाहेरच्या भागात त्यांना पेशींचा एक छोटा समूह सापडला. उंदीर जितका जास्त झोपलेला, तितक्या अधिक पेशी तिथे कार्यरत दिसत. या पेशींचे तंतू थेट हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, हिस्टामिन तयार करणाऱ्या जागेपणाच्या पेशींपर्यंत जात होते आणि त्यांना शांत करत होते. सर्दीची जुन्या प्रकारची गोळी घेतल्यावर डुलकी का येते, याचे उत्तर इथेच आहे: ती गोळी मेंदूतील हिस्टामिनचे काम अडवते.

पुढे स्पष्ट झाले की हा व्यवहार दुतर्फा आहे. झोपेच्या पेशी जागेपणाच्या केंद्रांना दाबतात आणि जागेपणाची केंद्रे झोपेच्या पेशींना दाबतात. २००१ मध्ये सेपर यांच्या गटाने याला विजेच्या बटणाची उपमा दिली. बटण चालू असते किंवा बंद; मध्येच अर्धवट टेकून राहत नाही. एक बाजू थोडी वरचढ झाली की दुसरीचा प्रतिकार घटतो, त्यामुळे पहिली आणखी बळावते आणि पालट झपाट्याने पुरा होतो. म्हणूनच निरोगी माणूस तासन् तास अर्धवट झोप-जाग अशा स्थितीत लोंबकळत नाही.

पण इतके चपळ बटण वारंवार उलटू नये, म्हणून त्यावर कुणाचे तरी बोट हवे. ते बोट १९९८ मध्ये सापडले. अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांना हायपोथॅलॅमसमधील एकच नवे रसायन मिळाले. एका गटाने त्याला हायपोक्रेटिन म्हटले; साकुराई आणि यानागिसावा यांच्या गटाने ‘भूक’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ऑरेक्सिन ठेवले. भुकेवरून का? कारण ते बनवणाऱ्या पेशी जिथे होत्या, तो परिसर आनंद आणि ब्रोबेक यांनी १९५१ मध्ये ओळखलेल्या भुकेच्या केंद्राचाच होता.

१९९९ मध्ये मात्र धक्कादायक वळण आले. ऑरेक्सिन नसलेल्या उंदरांना नार्कोलेप्सी झाली. या विकारात बटण वाटेल तेव्हा उलटते: माणूस भरदिवसा अनावर झोपेत जातो, किंवा हसता हसता स्नायूंतील बळ जाऊन कोसळतो. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाला हा विकार असलेल्या कुत्र्यांत ऑरेक्सिनच्या ग्राहक प्रथिनाचा जनुक बिघडलेला आढळला. २००० मध्ये नार्कोलेप्सी असलेल्या माणसांच्या मेंदूंचा मृत्यूनंतर अभ्यास झाला, तेव्हा ऑरेक्सिनच्या पेशी ८५ ते ९५ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांतल्या काही दहा हजार ऑरेक्सिन पेशी गेल्या, तर जागेपणाचा तोल ढळतो. ही इजा हायपोथॅलॅमसच्या मागच्या बाजूला असावी, असा तर्क इकोनोमोंनी केलेला होता.

२०१४ मध्ये ऑरेक्सिनचे काम अडवणारे पहिले औषध अमेरिकेत निद्रानाशासाठी मान्य झाले. जुनी झोपेची औषधे संपूर्ण मेंदूवर गुंगीचे पांघरूण घालत. हे औषध फक्त बटणावरचे बोट सैल करते. परिपथ समजल्याने उपचार कसा बदलतो, याचे हे उदाहरण. अर्थात, कोणतेही झोपेचे औषध वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेण्याचे नाही.

या इतिहासाचे मोल

या ज्ञानासाठी असंख्य मांजरे व उंदीर खर्ची पडले, हे विसरता कामा नये. त्यांची किंमत वसूल व्हायची असेल, तर निदान हे ज्ञान आपल्या जगण्यात उतरले पाहिजे.

झोप ही नुसती उणीव असती, तर ती कमी करणे ही कार्यक्षमता ठरली असती. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी, सलग पाळ्या करणारा निवासी डॉक्टर आणि ‘मी चार तासच झोपतो’ असे अभिमानाने सांगणारा अधिकारी, हे सारे नकळत ब्रेमेर यांच्या जुन्या सिद्धांतावर जगत असतात. पण झोप ही कृती असेल, तर तिला अडवणे म्हणजे चालू काम बंद पाडणे. कॉफी ते काम पुरे करत नाही. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे रसायन साचत जाते आणि झोपेकडे ढकलते. कॅफीन फक्त त्याची खबर दाबून ठेवते. खबर दाबली तरी साठा उतरत नाही.

आपल्या न्यायालयांनीही हा विचार मान्य केला आहे. २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोपेला जगण्याच्या मूलभूत अधिकाराशी जोडले. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ नागरिकाची रात्रभर चाललेली चौकशी गैर ठरवताना झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे नमूद केले. कायद्याने जे अधिकाराच्या भाषेत सांगितले, ते मेंदूविज्ञान परिपथांच्या भाषेत सांगत आले आहे.

बटणाची उपमा निद्रानाशाने त्रस्त झालेल्यांनाही काही सांगते. इच्छाशक्तीने ते दाबता येत नाही. झोप यावी म्हणून केलेला आटापिटा स्वतःच जागेपणाच्या बाजूला बळ देतो. आपल्या हातात इतकेच असते, की उशिरापर्यंतचा झगझगीत प्रकाश, रात्रीची कॉफी, चिंतेची उजळणी अशी जी वजने जागेपणाच्या पारड्यात आपणच टाकत असतो, ती काढून घ्यावीत. मग पुढच्या भागातील पेशी आपले काम करतात.

संशोधनाची वाट इथे संपत नाही. पुरेसे जागून झाले, हे झोपेच्या पेशींना कोण सांगते? ॲडेनोसिन हे त्याचे एक उत्तर आहे, पूर्ण उत्तर नव्हे. मुळात झोपेवाचून मेंदूचे काय अडते, याचीही एकमताने मान्य झालेली मांडणी अद्याप नाही. व्हिएन्नातील एका डॉक्टराने दोन प्रकारच्या रुग्णांतील विसंगती दुर्लक्षिली नाही, दिल्लीतील एका गटाने चारदोन मिलिमीटरच्या प्रदेशावर अनेक वर्षे घालवली, तेव्हा ‘झोप लागते’ या वाक्यातला कर्ता सापडला. उरलेल्या प्रश्नांनाही तितक्याच धीराची माणसे हवी आहेत. आणि ती माणसे पुरेशी झोपलेली असावीत, हे उत्तम.